वरणगावच्या आप्पांना, एक मिलिमीटरच्या आट्याबद्दल

आदरणीय आप्पा,
सा. नमस्कार.

गाडी चालू झाल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल, भुसावळात असली बातमी लपत नाही. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लेथ चालू करता, मग कुणालाच काही ऐकू येत नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी गाडीचं सांगतो. १९४८ ची एमजी टीसी, इंग्लिश स्पोर्ट्स गाडी. आमच्या मोठ्या काकांनी इंदूरहून आणलेली आणि ते गेल्यावर जळगावला घरामागच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली. दोन माणसांची, उघडी, तारेच्या १९ इंची चाकांची. पुढची काच बॉनेटवर आडवी झोपते. १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनल्या. तो कारखाना मूळचा चामड्याचा. महायुद्धात तिथे रणगाडे दुरुस्त होत होते आणि त्यानंतर ह्या नाजूक गाड्या, त्याही एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर हाताने ढकलत नेलेल्या. वेगाचा काटा ड्रायव्हरसमोर नाही, शेजारी बसणाऱ्यासमोर आहे. ही रचना कोणी केली ते देव जाणे, पण आमच्या काकूंना ती फार पसंत होती.

बॉडीचा सांगाडा लाकडी. मूळचं ॲशचं लाकूड वाळवीने संपवलं होतं, फैजपूरच्या मिस्त्रींनी तो सगळा सागवानात उभा केला. त्यांचे आभार भरीत-पुरीच्या जेवणावळीत मानून झालेत. खरा घोळ इंजिनचा होता.

इंजिन १२५० सीसीचं. खालच्या ऑइल चेंबरचे बोल्ट कुणीतरी, कधीतरी, हाताला लागतील ते घालून आवळलेले. ब्लॉकमधले, म्हणजे इंजिनच्या धडातले, अर्धे आटे (बोल्ट फिरत बसतो त्या खाचा) मेलेले. १३ चा पाना बसायचा नाही आणि १४ चा सैल पडायचा. एका गॅरेजवाल्यांनी तपासून सांगितलं, ‘अडीच सुती आहे, इंची टॅप मारून टाकू.’ (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार.) दुसऱ्यांनी तर मारुतीचं इंजिन बसवून देतो म्हणून भावही सांगितला. चेसिसचे बोल्ट खरोखरच इंची होते, त्यामुळे पहिल्यांचं म्हणणं मला पटतही होतं.

तेव्हा कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले टर्नर, घराच्या ओट्याशेजारी पत्र्याच्या खोलीत लेथ. तुम्ही गाडीबद्दल एक शब्द विचारला नाहीत. एक धड उरलेला बोल्ट मागितलात, रॉकेलमध्ये धुतलात, आटे मोजायच्या पिच गेजची पानं एकेक करून लावलीत आणि म्हणालात, “हा अडीच सूत नाही रे भो. आठ एमएम आहे, अन् आटा एकचा.”

एकचा आटा म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. बाजारात आठचा बोल्ट मागितला की सव्वा मिलिमीटरच्या आट्याचा मिळतो. अडीच सुती बारीक आटा इंचाला २२ चा. दोन्ही ह्या भोकात दोन-तीन फेरे निमूट जातात आणि मग ब्लॉक खायला लागतात. आधीच्यांनी काय केलं होतं ते तुम्ही एका बोल्टावरून ओळखलंत. वर डोकं मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाचं, म्हणून आपला कुठलाच पाना त्याला लागत नव्हता.

असं का, ते मी नंतर शोधलं. हॉचकिस ही फ्रान्सची मशिनगन बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धात जर्मन पॅरिसपर्यंत येतील ह्या धास्तीने तिने इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला कारखाना काढला. युद्ध संपलं, बंदुकांची मागणी गेली, मग तिथे मॉरिस ह्या इंग्लिश मोटार कंपनीसाठी इंजिनं बनू लागली. १९२३ मध्ये मॉरिसने कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, ती मिलिमीटरचेच आटे पाडणार. पण इंग्लंडभरच्या मेकॅनिकांकडे पाने इंची. म्हणून बोल्टाची डोकी तेवढी इंग्रजी ठेवली. ही पद्धत इतकी मुरली की पंचवीस वर्षांनी बनलेल्या, मॉरिसच्याच गटातल्या एमजीच्या इंजिनातही ती तशीच आली. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तंबाखू मळत एवढंच बोललात, “म्हणजे आपल्याच धंद्यातले निघाले.”

पुढचं काम मी शेजारी स्टुलावर बसून पाहिलं. तुमच्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे कापायचं टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंची; त्यावर मिलिमीटरचा शुद्ध आटा पाडायचा तर १२७ दात्यांचं गिअर लागतं, कारण इंचात २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. ते गिअर तुम्ही ग्रीस लावून, सुती कापडात बांधून फळीवर ठेवलेलं. किती वर्षं, कशासाठी, ते मी विचारलं नाही. मग टूल इंग्रजी आट्याच्या ५५ ऐवजी मेट्रिकच्या ६० अंशांवर घासलंत. इंची स्क्रूवर मेट्रिक आटा पाडताना टूलला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट सोडायचा नसतो, दर फेरीला लेथ उलटा फिरवून टूल मागे आणावं लागतं. मे महिन्याची दुपार, डोक्यावर पत्रा, आणि तुम्ही एकाही फेरीत घाई केली नाहीत. मीच दोनदा बाहेर जाऊन माठातलं पाणी पिऊन आलो. बाहेरून मोठा आटा आणि आतून आठचा एक, असे नळीसारखे बुश तुम्ही बनवलेत, ते ब्लॉकमध्ये बसवलेत, आणि जुन्या मापाच्या डोक्यांचे बोल्टही एकेक करून काढलेत.

आप्पा, मला आभार मानायचेत ते त्या आधीच्या एका वाक्याचे. वैतागून मी म्हणालो होतो, भोकं मोठी करा आणि सरळ दहाचे बोल्ट घाला, दिसतंय कुणाला? तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “उद्या कोणी हे खोलेल. त्याच्या पुस्तकात आठ असेल अन् हातात दहा येईल. त्यानं कोणाला विचारायचं?” त्या दिवसानंतर गाडीच्या इतर कामांतही मी हाच प्रश्न विचारत गेलो. वायरिंग मूळचं पॉझिटिव्ह अर्थचंच (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) ठेवलं, पेट्रोलचा टिकटिक करणारा पंप दुरुस्त केला, बदलला नाही. काम लांबलं, घरचे बोलले. चालायचंच.

चेंबरमधून तेलाचा थेंब नाही. तापीच्या पुलावरून यावलकडे जाऊन आलो. रेडिएटर उन्हात थोडा कुरकुरतो, ते बघू.

आता कामाचं. बिल म्हणून तुम्ही जो आकडा सांगितलात त्यात बारचं पोलादसुद्धा येत नाही, हे मला दुकानात विचारल्यावर कळलं. तो हिशेब आपण नव्याने करणार आहोत. आणि पुण्यात एकाकडे अशीच टीसी उघडून पडली आहे, त्याला बुश आणि बोल्टांचा पूर्ण संच हवाय. तुमचा नंबर तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही. भाव ठरवून ठेवा, रविवारी येतो. ‘बघू रे भो’ हे उत्तर चालणार नाही. येताना गाडीच आणतोय, तेव्हा काट्याच्या बाजूला बसायची तयारी ठेवा.

तुमचा,
जळगावचा एमजीवाला