तुर्कस्तानच्या न्यायमंत्र्यांना खुले पत्र

माननीय न्यायमंत्री, तुर्कस्तान यांस,

स. न. वि. वि.

मी महाराष्ट्रातल्या एका तालुका न्यायालयात वकिली करतो. प्राध्यापक इब्राहिम काबोलू यांच्यावर आपल्या देशात जे गुदरलं ते वाचून राहवेना, म्हणून लिहितो आहे.

काबोलू राज्यघटना शिकवणारे. २००४ साली ते पंतप्रधान कार्यालयाच्याच मानवाधिकार सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाचा अल्पसंख्याकांच्या हक्कांवरचा अहवाल ते पत्रकारांसमोर मांडत होते, तेव्हा मंडळातल्याच एका सदस्याने त्यांच्या हातातले कागद हिसकावून कॅमेऱ्यांसमोर टराटरा फाडले. पुढे खटला चालला तो काबोलू आणि अहवाल लिहिणारे बास्कन ओरान यांच्यावर. दोघे सुटले. पण वर्तमानपत्रांतून त्यांना मिळालेल्या धमक्यांपासून तुर्कस्तानने त्यांचं रक्षण केलं नाही, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाला २०१८ मध्ये सांगावं लागलं.

जानेवारी २०१६ मध्ये कुर्दी भागातल्या लष्करी कारवाया थांबवा म्हणणाऱ्या पत्रकावर हजाराहून अधिक प्राध्यापकांनी सह्या केल्या. त्यात काबोलूंचीही सही होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणीबाणीच्या एका हुकमाने ३३० प्राध्यापकांना काढून टाकलं. ना नोटीस, ना सुनावणी. राजपत्रातल्या यादीत नाव आलं की नोकरी गेली, पासपोर्टही गेला. मार्मारा विद्यापीठातले काबोलू त्याच यादीत होते. त्याच आठवड्यात अंकारा विद्यापीठाच्या दारात प्राध्यापकांनी निषेध म्हणून आपले गाऊन जमिनीवर अंथरले, आणि पोलीस ते तुडवत गेले. तो फोटो मला विसरता येत नाही. माझा पहिला गाऊन अंगावर चढवला तेव्हा मी सीनियरच्या पाया पडलो होतो.

२०१८ मध्ये इस्तंबूलच्या मतदारांनी काबोलूंना खासदार केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या वकिलांनी त्यांना आपल्या बारचं अध्यक्ष निवडलं. साठ हजारांहून अधिक वकिलांची ही संस्था १८७८ पासूनची!

त्या डिसेंबरात उत्तर सीरियात नाझिम दाश्तान आणि जिहान बिलगिन हे दोन पत्रकार मारले गेले. बारने निवेदन काढून या मृत्यूंची नीट चौकशी मागितली. एवढ्यावरून दहशतवादाच्या प्रचाराचा आरोप आला, आणि २१ मार्च २०२५ रोजी दिवाणी न्यायालयाने अध्यक्षांसह सगळ्या कार्यकारिणीला पदावरून दूर करण्याचा आदेश दिला.

आता मुद्द्याचं. आपल्याच देशाच्या १९६९ च्या वकिली कायद्याचं कलम ७६ म्हणतं की कायद्याचं राज्य आणि मानवाधिकार यांचं रक्षण करणं हे बारचं काम आहे. लगेच पुढचं कलम ७७ म्हणतं की बार आपल्या उद्देशाबाहेर गेली तर पदाधिकाऱ्यांना हटवता येईल. आणि तशी मागणी न्यायालयाकडे करण्याचा अधिकार सरकारी वकिलाला आहे, तसा आपल्या मंत्रालयालाही आहे. मारल्या गेलेल्या माणसाची चौकशी मागणं उद्देशाबाहेरचं असेल, तर कलम ७६ मधले ते शब्द कोणासाठी लिहिले आहेत? पक्षकाराने मला हे विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

न्यायालयाचा आदेश आपण फिरवू शकत नाही, हे मी जाणतो. कायद्याची दुरुस्ती मात्र आपण मांडू शकता. निवडून आलेली बार हटवण्याची मागणी करण्याचा मंत्रालयाचा आणि सरकारी वकिलाचा अधिकार कलम ७७ मधून काढा. आणि ते होईपर्यंत, इस्तंबूलच काय, कुठल्याच बारविरुद्ध तो वापरणार नाही असं जाहीर करा.

कळावे,

आपला,
एक वकील