ताई, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून थँक्यू

ताई, नवऱ्याच्या छळातून बाहेर पडायला मदत केलीत त्याबद्दल मनापासून थँक्यू. तुमचं नाव घेत नाहीये, पण उघड लिहितेय, कारण न्यू जर्सीत एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर आलेल्या आपल्या कितीतरी मुली आहेत आणि त्यांना हे कुणी सांगतच नाही.

नवऱ्याचं एकच पालुपद, तू माझ्या व्हिसावर आहेस, पोलिसांना फोन केलास तर आधी तुलाच परत पाठवतील. मला ते खरंच वाटायचं. पासपोर्ट त्याच्याकडे, बँकेत माझं नाव नाही, आणि पुण्याला आई म्हणायची जरा सांभाळून घे गं.

तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. मी नेटवर वाचून आले होते की वावा कायद्यात, म्हणजे बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या अमेरिकन कायद्यात, छळ सोसणाऱ्या बाईला स्वतःच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. तुम्ही सरळ सांगितलंत, नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल तरच, तुझा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे म्हणजे ते तुला नाही, आणि डिव्होर्स झाला की एच-फोरही जातो. रडले मी तेव्हा खूप. पण तुम्ही तिथे सोडून नाही दिलंत, त्याच कायद्यातली दुसरी वाट दाखवलीत, आय-765व्ही फॉर्म, मारहाण किंवा टोकाचा छळ असेल तर एच-फोरवरच्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय वर्क परमिट मागता येतं. ही सोय 2005 च्या कायद्यात आहे आणि फॉर्म आला 2017 ला!! मधल्या वर्षांत किती जणी मुकाट राहिल्या असतील, विचार केला तरी संताप होतो.

आधी मात्र तुम्ही कोर्टात नेलंत. रिस्ट्रेनिंग ऑर्डरला, म्हणजे त्याने माझ्यापासून लांब राहावं या कोर्टाच्या हुकुमाला, फी नाही, व्हिसा कुणी विचारला नाही आणि लीज त्याच्या नावावर असून जजनी त्यालाच घराबाहेर राहायला सांगितलं, मला तर वाटलं होतं मलाच बॅग भरावी लागणार.

मग वर्क परमिटच्या अर्जासाठी त्याचे व्हॉइस मेसेज, डॉक्टरचे कागद, शेजारच्या काकूंनी लिहून दिलेलं, सगळं तुम्ही तारखेवार लावून घेतलंत. अर्जाची माहिती त्याला द्यायला सरकारलाच कायद्याने बंदी आहे हे कळलं त्या रात्री मी नीट झोपले.

आता परमिट आलंय, नोकरी लागलीये. यू व्हिसाचा, म्हणजे गुन्ह्याचा त्रास सोसून पोलिसांना मदत करणाऱ्यांसाठीच्या व्हिसाचा, अर्ज रांगेत आहे, त्यासाठी पोलिसांची सही तुम्ही मागे लागून मिळवलीत, वर्षाला 10,000 च मिळतात म्हणून वेळ लागणार हेही आधीच सांगून ठेवलंत.

हे वाचणाऱ्या कुणाला गरज असेल तर 1-800-799-7233 या घरगुती हिंसाचाराच्या हेल्पलाइनवर चोवीस तास फोन करता येतो, फुकट आहे, दुभाषी मागता येतो. आणि ताई, तुमच्याकडे मराठी मुलगी आली तर तिला माझा नंबर द्या, कोर्टात सोबत बसायला मी येईन.