नोकरी आणि रातांबे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नोकरी सोडून आमसुलं-सरबताचा धंदा करायला गुहागरला येते म्हटल्यापासून तुम्हा दोघांच्या जिवाला घोर लागलाय. फोनवर सगळं अर्धवट राहतं, म्हणून लिहून पाठवते.

राजीनामा लगेच देत नाही. या मे महिन्यात रजा काढून २०० किलो रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, आमसुलं आणि सरबत करायचं, दिवाळीपर्यंत माल विकायचा, आणि तो खपला तरच जानेवारीत राजीनामा. नोटीस ९० दिवसांची, म्हणजे एप्रिलच्या हंगामाला मी मोकळी. तोवर वर्षभराचा घरखर्च बाजूला पडलेला हवा. पीएफला हात लावणार नाही. तुमचा आरोग्यविमा कंपनीच्या पॉलिसीत आहे, तो माझ्या नोकरीबरोबरच संपेल. नव्या पॉलिसीत बाबांच्या बीपीसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ती आत्ताच घेते आहे.

आता कामाचं. फळात साल साधारण निम्मी, म्हणजे १०० किलो. त्यातल्या ६० किलोंची आमसुलं, ४० किलोंचं सरबत. आमसुलांसाठी बियांभोवतीच्या रसात किलोला १०० ग्रॅम मीठ घालायचं. साली त्यात बुडवून उन्हात, संध्याकाळी पुन्हा रसात, असं चार-पाच दिवस. हाती १२ ते १५ किलो येतील. आई, तुझं मीठ मुठीच्या अंदाजाचं आणि ते कधी चुकत नाही, पण मला प्रत्येक खेप सारखी हवी, म्हणून वजनकाटा आणते आहे. मीठ कमी पडलं तर बुरशी; जास्त झालं तर पावसाळ्यात आमसूल ओल ओढून चिकट होतं. दुसऱ्या-तिसऱ्या बुडीनंतर साल लालाची काळपट जांभळी होते, कडा आत वळतात. हे बघत उभं राहायला मला फार आवडतं, खरंच सांगते.

सरबताला ४० किलो सालीला ८० किलो साखर, थरावर थर, ७ दिवस रोज ढवळायचं. धुतलेल्या सालीचं पाणी नीट निथळलं नाही की पाक पातळ राहतो, आंबतो आणि बाटलीचं झाकण फुगतं. म्हणून पाकातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ६५ ब्रिक्सच्या (शंभरात ६५ भाग साखरेच्या) वर आकडा दिसल्याशिवाय बाटली भरायची नाही.

खरी भीती पावसाची. रातांबा ऐन पिकतो तेव्हाच आभाळ भरतं, आणि अर्धवट सुकलेली साल दोन दिवसांत वाया जाते. २५ मेनंतर आमसुलं बंद. पुढचं सगळं फळ सरबत आणि आगळाला (मीठ घालून टिकवलेल्या रसाला), त्यांना ऊन लागत नाही.

बाबा, परड्यात बियांपासूनची रोपं नकोत. त्यांतली निम्मी नर निघतात आणि ते कळतं फुलल्यावर, सहा-सात वर्षांनी. दापोली विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ या कोकमाच्या जातीची कलमं जूनमध्ये लावू, दहा झाडांमागे एक नर ठेवू. कलमाची काडी उभ्या शेंड्याची आहे ना, एवढं तुम्ही विचारून घ्या. आडव्या फांदीची असली तर झाड वर न जाता पसरत राहतं. फळ धरायला चार-पाच वर्षं जातील, तोवर रातांबे वाडीतूनच विकत घेऊ.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, अ‍ॅल्युमिनियमची मोठी परात यात वापरू नकोस, आंबट रस ती खातो. मीठ घातलेला रस स्टीललाही ठिपके पाडतो. चिनी मातीच्या दोन्ही बरण्या तेवढ्या माळ्यावरून काढून ठेव.