'घर बदला' हे उत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आवाजाचा त्रास होतो असं म्हटलं, की हल्ली ऐकणारा एकच विचारतो, "मग पेठेत राहता कशाला? गावाबाहेर जा की." आम्ही गेलो होतो, म्हणून हे पत्र.

नारायण पेठेत माझी ४१ वर्षं गेली. २०२२ च्या उन्हाळ्यात ह्यांची बायपास झाली. त्या वर्षी विसर्जनाला केळकर रस्त्यावरून स्पीकरच्या भिंती जाऊ लागल्या तेव्हा तावदानं थडथडत होती आणि हे आतल्या खोलीत छातीशी उशी घट्ट धरून बसले होते. दिवाळी झाल्यावर आम्ही भूगावला, मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेलो.

पहिले तीन महिने रात्री टिटवी ऐकू यायची. हे सलग सहा तास झोपू लागले. मग शेजारच्या प्लॉटवर पाया खणायला घेतला. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण. तो फोडायला ब्रेकर लागतो, सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत, आठवडेच्या आठवडे. तो थांबतो न थांबतो तोच लग्नसराई आणि जवळच्या लॉन्सवरचा डीजे. एकदा रात्री पावणेबाराला मी तक्रारीचा फोन केला. नाव, पत्ता दोनदा विचारून घेतला. आवाज थांबला तो वऱ्हाड जेवून गेल्यावरच. दुसऱ्या दिवशी लॉन्सचा माणूस आमच्या दारात उभा! त्याला माझं नाव कुणी सांगितलं?

शिवाय पेठेत डॉक्टर खालच्या मजल्यावर, मंडई हाकेच्या अंतरावर. भूगावला औषधाच्या गोळीलाही रिक्षा. दीड वर्षात परतलो. आम्हाला निदान मुलाचा फ्लॅट होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी वाड्यातल्या एका खोलीत राहतात, घरात तान्हं नातवंड आहे. त्यांनी कुठे जायचं?

नियम तर केव्हाचे आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालयं, शाळा, न्यायालयांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देता येते, पण ती वेळेची आहे, कितीही मोठा आवाज करण्याची नव्हे. डेसिबलचं गणितही लोकांना समजावून सांगायला हवं. ५५ चे ९५ झाले म्हणजे आवाज पावणेदोनपट झाला असं वाटतं. पण दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ४० ने वाढला तर दहा हजारपट. बायपास झालेल्या माणसाला हे छातीत कळतं.

ढोलाला माझा विरोध नाही. पुतण्या पथकात वाजवतो, नदीपात्रातला त्यांचा सराव मी गच्चीतून कौतुकाने ऐकते. रात्री तो थांबतो, आम्ही झोपतो. भांडण आहे ते वेळ न पाळणाऱ्या, मोजमाप न जुमानणाऱ्या आवाजाशी.

तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत भोंग्यांच्या प्रकरणात बजावलं आहे. हे लॉन्सलाही लागू करा आणि मिरवणुकांनाही. तक्रार आली की यंत्र घेऊन जागेवर जावं, आकडा नोंदवावा आणि तक्रारदाराला लेखी कळवावा. येत्या विसर्जनाला आमच्या रस्त्यावर तासातासाला मोजलेले आकडे दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात छापून यावेत, ही आपल्यालाही कळकळीची विनंती. ह्यांची तपासणी भाद्रपदातच आहे, आणि या वेळी आम्ही घरीच राहणार आहोत.

आपली,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे