चेसिसला गेलेला तडा

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
१७ नोव्हेंबर

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मार्चमधल्या पत्राला मी उत्तर दिले नाही, चिन्मयीच्या लग्नालाही फोनवरूनच आशीर्वाद दिले, आणि या दोन्ही गोष्टींचे ओझे मी आठ महिने वागवतो आहे. प्रकृती ठीक आहे, साखर गोळीवर आटोक्यात आहे, सुनंदाचा गुडघा थंडीत कुरकुरतो, एवढेच. आज लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे. गेल्या तीन आठवड्यांत माझ्या गॅरेजमध्ये जे घडले, ते ज्याला सांगावे असा माणूस मला या देशात नाही, आणि कोल्हापुरातही तू एकटाच आहेस.

गाडी तुला फोटोवरून माहीत आहे: १९७९ ची शेव्हरोले के-१० पिकअप, फोर-व्हील, साडेतीनशे क्युबिक इंचांचे व्ही-एट इंजिन, पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ईराला शेजारी बसवून मी कॅमेरॉन पासवरून, म्हणजे १०,२७६ फुटांवरून, पूडर नदीच्या दरीतून घरी परतत होतो. एका वळणापलीकडे रस्त्यात दोन हरणे उभी होती. मी ब्रेक जोरात दाबला आणि गाडीने सरळ थांबण्याऐवजी नदीच्या बाजूला तोंड फिरवले. माझ्या हातातले चाक जागचे हलले नव्हते. हरणे निघून गेली, गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, आणि ईराने विचारले, “बाबा, तुम्ही वळवलीत का?” मी नाही म्हणालो. तिला ते खरे वाटले की नाही, हे मला अजून कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला आत बसवले, इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि चाक चार बोटे डावीकडे, चार बोटे उजवीकडे हलवत राहायला सांगून स्वतः टॉर्च घेऊन खाली शिरलो. अण्णा आपल्याला हेच करायला लावायचे, आठवते ना? एकाने चाक हलवायचे, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर तळहात ठेवायचा, कारण डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला कळते. कॉलमखालचा रबरी जॉइंट थोडा सैल होता, पण त्याने एवढे होत नाही. वरखालचे बॉल जॉइंट घट्ट होते. ड्रॅग लिंकची, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीची, दोन्ही टोके बरी होती. मग मी स्टिअरिंग बॉक्सवर हात ठेवला. पिटमन आर्म (बॉक्समधून निघून झुलणारा दांडा) हलण्याच्या आधी तो बॉक्सच हलत होता, दिगंबर, आणि त्याच्याबरोबर चेसिसचा डावा पट्टा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत होता.

केरोसीन आणि तारेचा ब्रश घेऊन मी पंचेचाळीस वर्षांचा चिखल आणि तेल खरवडून काढले. त्यानंतर तड्यात शिरणारे लाल रंगाचे पेनिट्रंट फवारले, पंधरा मिनिटे मुरू दिले, फडक्याने स्वच्छ पुसले आणि वरून तो रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्या पृष्ठभागावर बॉक्सच्या वरच्या बोल्टच्या भोकापासून पुढच्या बाजूला एक लाल धागा हळूहळू उमटत गेला. तो दीड बोट लांब होता. खालच्या भोकापासून दुसरा, जरा लहान धागा निघाला. मी तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसून राहिलो, कारण त्याच चेसिसवर मी माझ्या मुलीला त्या दरीकडेने कित्येकदा फिरवले होते.

या पिढीच्या, म्हणजे १९७३ ते १९८७ च्या फोर-व्हील पिकअपना हा रोग जुनाच आहे. इथे चालक डावीकडे बसतो, हे तुला चित्र मांडताना लक्षात ठेवावे लागेल. बॉक्स डाव्या पट्ट्यावर अगदी पुढे बसवलेला असतो, पिटमन आर्म पुढे-मागे झुलतो, आणि एक आखूड ड्रॅग लिंक त्याच बाजूच्या चाकाच्या नकलवरचा (चाकाला धरून वळवणाऱ्या तुकड्यावरचा) आर्म ढकलते किंवा ओढते. टायर रुंद झाले, पाटे उंच केले, हायड्रॉलिक जोर पाठीशी असला, की तो सगळा रेटा त्या पातळ पट्ट्यावरच्या चार भोकांवर येतो. दुसरा दोष भूमितीचा आहे. ॲक्सल पाट्यांबरोबर वरखाली आणि थोडा पुढे-मागे होतो, ड्रॅग लिंक मात्र बॉक्सच्या टोकाभोवती स्वतःच्या वर्तुळात फिरते. दोन्ही वाटा जुळत नाहीत, म्हणून खड्ड्यात गाडी आपोआप वळते. ब्रेक जोरात लागला की पाटे पिळवटतात, नकलच्या डोक्यावरचा आर्म त्यांच्याबरोबर सरकतो, आणि चालकाने काहीही न करता चाके वळतात. हरणांसमोर नेमके तेच झाले.

ज्या वृद्ध शेतकऱ्याकडून मी ही गाडी घेतली, त्याने पुढे एक जाडजूड स्टिअरिंग डँपर बसवला होता. तो काढून मी गाडी गल्लीत फिरवून पाहिली असती, तर मला पहिल्याच दिवशी सगळे कळले असते. डँपर थरथर गिळतो, आजार बरा करत नाही. आणखी एक गोष्ट मी आता पाहिली: बॉक्सच्या माथ्यावरचा ॲडजस्टिंग स्क्रू कोणीतरी आवळून शेवटापर्यंत नेला होता. बाहेरचा प्ले, म्हणजे सैलपणा, काढण्यासाठी आत आवळत गेले, की चाक मध्यावर अडकते, वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही, आणि आतले दात खाल्ले जातात. बॉक्स उघडला तेव्हा पिटमन आर्म फिरवणाऱ्या सेक्टर गिअरचा मधला दात चकचकीत घासलेला होता.

आता मूळ गोष्टीवर येतो. १९९६ च्या मे महिन्यात उद्यमनगरात तुझ्या शेडच्या दारात मी तुला जे बोललो, ते तू विसरला असशील असे मला वाटत नाही. अण्णांच्या सीजे-३बी चा रॉस बॉक्स आणि मधला बेल क्रँक काढून तू दुसऱ्या गाडीचा, वळवायला हलका, आत छर्रे फिरणारा रिसर्क्युलेटिंग बॉलचा बॉक्स बसवलास, आणि मी म्हणालो की तू जीपचा जीव काढलास. त्यानंतर दीड वर्ष आपण बोललो नाही. भाऊसाहेबांनी मध्यस्थी केली नसती, तर आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे. मला त्या बेल क्रँकचे केवढे वेड होते! बॉक्सपासून एक दांडी मधल्या पिनपर्यंत, आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे. ती रचना मला बैलगाडीच्या जुवासारखी सरळ आणि प्रामाणिक वाटायची. बॉक्सच्या आत लिव्हरच्या दोन खुंट्या कॅमच्या खाचेत फिरतात, हे तू मला पहिल्यांदा दाखवलेस तेव्हा मी रात्रभर त्याचे चित्र काढत बसलो होतो. पण त्या एका मधल्या पिनचा बुश झिजला की किती प्ले येतो, हेही आपण दोघांनी सोसले होते. बापूकाका म्हणायचे की या जीपला वळायचे असेल तर अर्धा मैल आधी अर्ज करावा लागतो, आणि ते ऐकून स्वतः अण्णा सर्वांत मोठ्याने हसायचे.

मला तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती, जी वहिनींनी गेल्या वर्षी बोलता बोलता सांगितली. करूळ घाटात एका पावसाळ्यात अण्णांच्या उजव्या खांद्यातली ताकद गेली, ते वळण पूर्ण करू शकले नाहीत, आणि जीप दगडी भिंतीला घासून थांबली. त्यांनी ते तुझ्याशिवाय कोणाला कळू दिले नाही. त्यांच्या सांगण्यावरून तू ते काम केलेस, आणि मी शेडच्या दारात तोंडाला येईल ते बोलत असताना तू त्यांचे नाव एकदाही घेतले नाहीस. मी अठ्ठावीस वर्षे तुला दोष दिला. हे मला फोनवर म्हणता आले नाही, म्हणून मी मार्चपासून गप्प होतो. आता लिहून टाकले. मला क्षमा कर.

तडा सापडल्यानंतर माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे तडे बुजवायचे, आतून-बाहेरून जाड पट्टी मारायची, जुन्याच पद्धतीचा बॉक्स घालायचा, आणि गाडी कारखान्यातून निघाली तशी ठेवायची. त्या शेतकऱ्याने किल्ली देताना एकच मागणे केले होते, की गाडी आहे तशी ठेव. दुसरी वाट म्हणजे आडवे स्टिअरिंग. याच काळातल्या टू-व्हील पिकअपचा बॉक्स बसवला की पिटमन आर्म पुढे-मागे न झुलता डावी-उजवीकडे झुलतो, आणि एक लांब ड्रॅग लिंक ॲक्सलला जवळजवळ समांतर जाऊन पलीकडच्या, उजव्या चाकाच्या नकलवरचा आर्म ओढते. लिंक लांब आणि सपाट असल्यामुळे पाटे कितीही खेळले तरी चाकाचा कोन फारसा बदलत नाही, आणि ब्रेकखाली पाटे पिळवटले तरी गाडी सरळ राहते. चार रात्री मी या दोन वाटांमध्ये फिरत राहिलो. ईरा मे महिन्यात सतरा वर्षांची होईल आणि तिला हीच गाडी चालवायची आहे. पाचव्या दिवशी सकाळी मी आडव्या स्टिअरिंगचे सामान मागवले.

तडे मी स्वतः वेल्ड केले, आणि ते तू शिकवलेस तसेच केले. आधी तड्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचे भोक पाडून तो पुढे पळणार नाही याची सोय केली, मग ग्राइंडरने व्ही खाच काढली, मुळापासून भरत आलो, घासून सपाट केले आणि पुन्हा लाल रंग मारून पाहिला. धागा उमटला नाही. त्यावर पट्टीचा ब्रॅकेट आला, जो पुढच्या क्रॉस मेंबरलाही धरतो, म्हणजे रेटा एकट्या पट्ट्यावर राहत नाही. बोल्ट सगळे नवे, डोक्यावर सहा रेघा असलेले, हाय टेन्साईलचे घेतले. माझ्या ॲक्सलच्या उजव्या नकलचे डोके वरून सपाट नाही, त्यावर आर्म बसूच शकत नाही, म्हणून सपाट माथ्याचा, भोके पाडून आलेला नवा नकल घ्यावा लागला. सगळ्यात जास्त वेळ एका क्षुल्लक गोष्टीने खाल्ला: आलेला बॉक्स नंतरच्या वर्षांचा असल्यामुळे त्याची तोंडे ओ-रिंगची (रबरी कडीची) निघाली, आणि माझे प्रेशर पाईप जुन्या फ्लेअरचे (पसरट तोंडाचे) होते. नवे पाईप यायला आठवडा गेला.

पाट्यांचे बुशही बदलले. हे तुला मुद्दाम सांगतो, कारण यावर तुझे मत हवे आहे. आडव्या लिंकचा जोर आता ॲक्सलवर आडवा येतो. बुश किंवा शॅकल (पाट्याची झुलती कडी) सैल असेल, तर चाक वळण्याआधी ॲक्सलच थोडा बाजूला सरकेल, आणि स्टिअरिंगवर पुन्हा तोच मेलेला प्ले जाणवेल. इथे बहुतेक जण पॉलियुरेथेनचे बुश घालतात. मी रबराचे घातले, कारण मला ते आवाज न करणारे आणि पाट्याला पिळायला मोकळीक देणारे वाटतात. तू उद्यमनगरात ट्रकचे काम करताना काय पाहिलेस, ते लिही.

काल रात्री गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उभी करून, इंजिन बंद ठेवून, चाके मोकळी फिरत असताना मी आणि ईरा स्टिअरिंगच्या टाकीतल्या तेलातले बुडबुडे संपेपर्यंत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होतो. ती आत, मी बाहेर टाकीवर डोळा ठेवून. जवळजवळ चाळीस फेऱ्यांनंतर तेल स्थिर झाले. मग इंजिन चालू केले, आणि ती एका बोटाने चाक फिरवू लागली. खांद्याला काही लागले नाही. मी बॉक्सवर तळहात ठेवला. पिटमन आर्म फिरत होता, बॉक्स दगडासारखा होता.

पिटमन आर्मचा नट १८५ फूट-पाउंडाला आवळला आहे. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतला कल, मी दोरी आणि टेपने धरले आहे, उद्या अलाइनमेंटच्या यंत्रावर नेईन. एक शंका राहिली आहे: चाके सरळ असताना पिटमन आर्म बॉक्सच्या नेमक्या मध्यावर यावा, म्हणून ड्रॅग लिंकची लांबी जुळवताना माझे स्टिअरिंग व्हील अर्ध्या स्प्लाईनने (दांड्यावरच्या खाचेने) वाकडे बसते आहे. स्टिअरिंग व्हील काढून सरळ करणे सोपे आहे, पण त्याने बॉक्सचा मध्य चुकतो, आणि हा बॉक्स मध्यावरच सर्वांत घट्ट असतो. मला वाटते की लिंकच फिरवून जुळवावी आणि व्हीलला हात लावू नये. बरोबर आहे ना?

चिन्मयी आणि जावईबापूंना आशीर्वाद. वहिनींची शाळेतली निवृत्ती झाली असेल, त्यांना आता कोकणात घेऊन जा, तू पंधरा वर्षे नुसते म्हणतो आहेस. लेथ विकू नकोस, निदान माझ्या पुढच्या खेपेपर्यंत तरी.

आणि एक विचारायचे आहे. अण्णांच्या जीपचा तो बेल क्रँक तू शेडच्या मागच्या फळीवर गोणपाटात गुंडाळून ठेवला होतास. तो अजून तिथे असेल, तर त्याची झिजलेली पिन मोजून मला लिही. माझा जुना बॉक्सही मी असाच गुंडाळून ठेवला आहे.

तुझा,
श्रीधर