तळमजल्यावरच्या काकूंना, रसघावनांबद्दल

काकू, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "कसले आभार मानतंस गो" म्हणता आणि विषय कुळथाच्या पिठीवर नेता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. सूनबाई वाचून दाखवतील तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

मे महिन्यात माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. नवरा आठवडाभर पुण्याला, पोरांना सुट्टी. अशा वेळी माणसं डबा पाठवतात. आपल्या बिल्डिंगमधून आलेही डबे, आणि ज्यांनी पाठवले त्यांचे उपकार आहेतच. तुम्ही मात्र सकाळी साडेसातला एक नारळ, तांदळाचं पीठ आणि तुमचा बिडाचा तवा घेऊन जिने चढून वर आलात आणि माझ्याकडे न बघता पोरांना विचारलंत, "आज घावनं कोण घालणार?"

मी नागपूरची. आमच्याकडे सकाळी पोहे आणि त्यावर तर्री. नारळ आम्ही देवळात फोडतो. नारळाच्या गोड रसात बुडवून घावन खायचं, तेही सकाळी सकाळी, हे मला काही पटत नव्हतं. पण बोलायची सोय कुठे होती? तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि बजावलंत की 'सांडेल, सांडेल' म्हणायचं नाही. त्या आठवड्यातलं मला दिलेलं सगळ्यात अवघड काम हेच.

मग ओट्यावरचं सगळं तुम्ही खाली घेतलंत. फरशीवर जुनी चादर, मधोमध परात. पोरं स्टुलावर चढून ओट्याशी उभी राहिली की आपलं निम्मं लक्ष स्टुलाकडे असतं. खाली मांडी घालून बसलेलं पोर पडून पडणार कुठे? गॅस वर, पोरं खाली, मध्ये तुम्ही. आणि नियम एकच: काकू विळीवर बसल्या की चादरीची कड ओलांडायची नाही. धाकटा चार वर्षांचा आहे. त्याला दहा नियम सांगितले असते तर त्याने एकही पाळला नसता.

खोबरं कोमट पाण्याबरोबर मिक्सरमधून काढून, धुवट पंच्यात बांधून ते गाठोडं तुम्ही त्याच्या हातात दिलंत. तो दात-ओठ खाऊन पिळायला लागला तेव्हाचं तुमचं वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं: "हळू रे झिला, नारळ काय पळान जावचो नाय." पहिला जाड रस एका भांड्यात; मग त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पिळलेला पातळ रस दुसऱ्यात. कुठला जाड, कुठला पातळ, हे त्याला बोट बुडवून चाटल्यावर कळलं. पाणी कोमटच का, तर त्याने खोबऱ्यातला स्निग्धपणा चांगला सुटतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

थोरलीकडे गूळ. चिरून तुम्ही दिलात, एका नारळाला पाऊण वाटी, आणि तो रसात हाताने कुस्करून विरघळवायचं काम तिचं. मग गाळणं, कारण गुळात उसाची चिपाडं निघतातच. ती तिने मोजून बशीत मांडली. वेलची सोलून खलबत्त्यात कुटली आणि शेवटी चिमूटभर मीठ घातलं. गोडात मीठ कशाला, यावर तुमचा आणि तिचा बराच वाद झाला. शेवटी तुम्ही एका वाटीत मीठ न घातलेला रस ठेवलात आणि तिला दोन्ही चाखायला लावलेत. इतका सोपा निकाल मी तरी कधी दिला नव्हता.

आणि हा रस गॅसवर ठेवायचाच नाही, उकळला तर फुटतो. म्हणजे निम्मी न्याहारी विस्तवाशिवाय होते, अख्खी पोरांच्या हाताने. तुम्ही पोह्यांऐवजी घावनंच का निवडलीत, ते माझ्या खूप नंतर लक्षात आलं.

पोरांना स्वयंपाकात घ्या असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात त्यांना देतात काय, तर बिस्किटावर रंगीत गोळ्या चिकटवायला. ते काम खोटं आहे हे पोरांना कळतं. दहा मिनिटांत उठून जातात. तुम्ही धाकट्याला दिलेलं दुसरं काम मात्र अगदी खरं होतं. तांदळाचं पीठ ताकाइतकं पातळ भिजवलं की तळाशी बसतं. म्हणून दर घावनाआधी कुणीतरी ते तळापासून ढवळायलाच हवं, नाहीतर पहिली घावनं फाटतात आणि शेवटची जाड निघतात. एकदा तो मांजर बघायला खिडकीत गेला. तुम्ही हाक मारली नाहीत. न ढवळताच घातलंत, फाटलेलं घावन त्याला दाखवलंत आणि त्याच्याच ताटलीत वाढलंत. ओरडणं नाही, समजावणं नाही. पुढे शेवटपर्यंत त्याने पळी सोडली नाही.

तव्याजवळचं काम तुमचं. अर्धा कांदा सुरीच्या टोकाला टोचून त्याने तेल फिरवणं, कडेकडून पीठ ओतत मध्ये येणं, जाळी पडली की झाकण. थोरलीने लांबून फक्त ऐकायचं: चर्र आवाज आला तर तवा तापलाय, नाही आला तर "काकू, थांबा!" निवलेल्या घावनांच्या चौघड्या घालायच्या, त्याही तिनेच. काकू, सात वर्षांच्या मुलीच्या सांगण्यावरून तुमच्यासारखी सुगरण हातातली वाटी थांबवते, याने ती केवढी फुशारली होती हे तुम्ही पाहिलंत ना?

आता हात बरा आहे. आमच्याकडे रविवारी घावनंच असतात आणि चादर अजून फरशीवरच पसरतो. परवा थोरली फोनवरून नागपूरच्या आजीला सांगत होती, "इंद्रायणीचं पीठ नको घेऊस, चिकटतं. जुना कोलम घे. आणि रस उकळू नकोस हं." आईने मला विचारलं, ही कुणाकडून शिकली? मी तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाली, त्यांना नागपूरला घेऊन ये, संत्र्याची बर्फी खाऊ घालते.

गणपतीला कुडाळला जाल तेव्हा येताना शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, तो लाकडी साचा आणाल का? शिजवलेले गोळे गरम असतानाच दाबायचे आणि त्याला जोर लागतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. जोराचं काम आपलं, असं धाकट्याने जाहीर केलंय. थोरलीला ते मान्य नाही. निवाडा तुम्ही येऊन करा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची