परदेशी साप जंगलात सोडू नका, जमा करण्याची सोय करा

महोदय,

बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे परदेशी साप सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून वरचेवर येतात. जे साप तपासणीतून निसटून कुणाच्या तरी घरातल्या काचेच्या पेटीत पोचतात, त्यांचे पुढे काय होते? साप वाढतो, हौस फिटते, घरचे कुरकुरू लागतात, आणि एके रात्री मालक त्याला डोंगरात सोडून येतो. वर पुण्य केल्याचे समाधान! साप मारू नका, जंगलात सोडा, हे आपल्या सर्पमित्रांनी गावोगाव सांगितले. नाग-धामणीसाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. परदेशी सापाच्या बाबतीत मात्र तेच घातक ठरते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने हे भोगले आहे. पाळलेले बर्मी अजगर तिथे सोडले गेले, काही निसटले, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची पैदास सुरू झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे रॅकून हा छोटा सस्तन प्राणी दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले होते. दलदलीतले ससे तर जवळजवळ दिसेनासेच झाले. २०१७ मध्ये तमिळनाडूतल्या, साप पकडण्यात तरबेज असलेल्या इरुळा जमातीच्या दोन जाणकारांना अजगर शोधायला तिकडे बोलावले गेले. त्यांनी पटापट अजगर पकडले, तरीही अजगर आजही तिथे आहेतच. गवतात दडलेला अजगर पायाशी असूनही दिसत नाही, मग संपवणार कसा?

आपल्यासाठी दोन गोष्टी जास्त काळजीच्या आहेत. या अजगरांबरोबर फुप्फुसातला एक परजीवी फ्लोरिडात गेला आणि तिथल्या स्थानिक सापांत पसरला. म्हणजे सोडलेल्या सापाची वीण झाली नाही तरी तो रोग ठेवून जाऊ शकतो. दुसरे म्हणजे, तिथल्या काही अजगरांत भारतीय अजगराचा जनुकीय अंश आढळला. या दोन जातींचा संकर होतो. सह्याद्रीत आपला स्वतःचा अजगर आहे, आणि तो कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या शेजारी बर्मी अजगर सोडणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

२०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अनेक परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. २०२४ मध्ये नियमही आले. नको असलेला प्राणी सरकारकडे सोपवण्याची तरतूदही आहे, पण ती मालकीचा दाखला असलेल्यांपुरती. चोरट्या मार्गाने आलेला साप ज्याने विकत घेतला, त्याच्याकडे दाखला कुठून येणार? कारवाईच्या भीतीने तो साप सोडायला ओढ्याचीच वाट धरतो. फ्लोरिडात २००६ पासून असे प्राणी दंड न करता जमा करून घेतले जातात आणि पात्र पालकांकडे सोपवले जातात. आपल्या वनविभागानेही, निदान ठरावीक मुदतीसाठी, दाखला न मागता असे साप स्वीकारावेत. १९२६ ही हेल्पलाइन आहेच. तिथे फोन उचलणाऱ्याला परदेशी साप कुठे पाठवायचा, हे माहीत असावे. तस्कर आणि विक्रेत्यांवरची कारवाई मात्र जराही सैल होऊ नये.

– एक सर्पमित्र, सातारा